काशीमायची कोंबडी

नथ्थुजी ढोबळ्यांची आणि माझी ओळख माझ्या पगडीमुळे झाली. ओळख म्हणजे काय, त्यांनी ती माझ्या डोक्यावरून उचलली आणि अंगणातल्या पिल्लांवर भिरकावली. मी वाईहून वऱ्हाडात सरकारी शाळेवर मास्तर म्हणून नुकताच आलो होतो. तिवशाच्या अलीकडे असलेल्या त्या गावात बैलगाडीतून उतरून मला पाच मिनिटंही झाली नव्हती. गाव आपलं स्वागत कसं करील याचे पुष्कळ विचार मी वाटेत केले होते, पण त्यात हा नव्हता.

पगडी पडली तशी सात पिल्लं जमिनीसरशी दबली आणि चार माना ताठ करून उभी राहिली.

"सात माद्या, चार नर," नथ्थुजी म्हणाले, आणि मग कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "चांगली उडते तुमची पगडी. तुमीच मास्तर ना? या, बसा. च्या मायले, आमचं पागोटं फेकलं का आधीच उलगडते."

त्या दिवशी आमच्या मंडळींनी मला पगडीसकट विहिरीवर उभं करून आंघोळ घातली. पण भाड्याने मिळालेली खोली नेमकी नथ्थुजींच्या शेजारी होती आणि मधली भिंत कमरेएवढी. आंघोळी तरी किती करणार? महिन्याभरात आमच्या मंडळींनी हात टेकले, आणि मी, ज्याच्या सात पिढ्यांत कोणी कोंबडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं, तो कोंबडीच्या पायांबद्दल अधिकारवाणीने बोलू लागलो.

नथ्थुजी तेव्हा साठीच्या पुढे होते. अंग वाळकं, मिशा पांढऱ्या, आणि डाव्या नाकपुडीला भोक. त्या भोकात कडुनिंबाची काडी घातलेली असायची. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या मुलाचं नाक टोचून त्याला नथ्थू म्हणायचं, ही चाल आमच्याकडेही आहे. त्यामुळे मला त्या भोकाचं नवल नव्हतं, पण काडीचं होतं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "वारा येते ना तिथून. मनून दार लावलं."

ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेत कुठेतरी लढाई जुंपली होती. ती कोण लढतंय आणि कशासाठी, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ती संपू नये म्हणून मारुतीपुढे नारळ मात्र नेमाने फुटत होते. ज्याच्या अंगणात काल तुरीच्या काड्या होत्या, त्याच्या बैलांच्या शिंगांवर आज चांदीच्या शेंब्या. अमरावतीच्या बाजारातून परत येणारी गाडी जरीचं काहीतरी घेतल्याशिवाय येत नसे. चार एकर काळी जमीन असलेले नथ्थुजी तेवढे या सगळ्यातून कोरडे राहिले होते.

"कापूस कोनालेबी कळते," ते म्हणत. "पांढरा दिसला का येचाचा. पिल्लू वळखून दाखवा."

पिल्लू ओळखणं ही त्यांची विद्या. गावठी पिल्लं महिना-सव्वा महिन्याची झाली की बायका डालगी घेऊन त्यांच्या दारी येत. मादी म्हणजे अंडी आणि नर म्हणजे रस्सा, असा घराघरातला हिशेब; त्यामुळे कोणाला पाळायचं आणि कोणावर मीठमसाला वाटायचा हे नथ्थुजींवाचून ठरत नसे. अंजनगाव सुर्जीचे पाव्हणे येताना पिल्लं घेऊन येत. एकदा अकोल्याच्या कोण्या गोऱ्या साहेबाचा खानसामा बारा पिल्लांचं डालगं घेऊन आला. साहेबाला रोज अंडी हवी होती. नथ्थुजींनी डालग्यात एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "यातले आठ तं साहेबाची पेन्शन झाली तरी अंडे देत नाईत." झालंही तसंच.

"पाय पाहा, मास्तर," भिंतीपलीकडून मला धडे चालत. "नराचे पाय जाड. तुरा लवकर लाल होते. पाठीवरचे पखं उशिरा येते आन् आले का टोकदार. मादीचे गोल. त्यातूनबी नाई कळलं तं पागोटं फेकाचं. मादी दबते, नर पाहाते का हे कोन आलं मने." मग जातीचं ज्ञान. असील म्हणजे लढाऊ कोंबड्याची जात. तिची मान लांब, तुरा वाटाण्याएवढा, डोळा मोत्याच्या रंगाचा, आणि चाल जमादाराची. हे सगळं सांगून झालं की शेवटी न चुकता एक वाक्य यायचं, "नथ्थू चुकत नाई, बाप्पा." ते स्वतःला नावानेच संबोधत. आणि खरंच, त्या गावात मी आल्यापासून ते चुकलेले मी पाहिले नव्हते, आणि जुन्या लोकांनीही नाही.

आता काशीमायचं सांगतो. गल्लीच्या टोकाला ती एकटीच राहायची. नवरा कधीचाच गेला होता. एकुलता एक मुलगा कापसाच्या गाड्यांबरोबर मुंबईच्या वाटेला लागला, तो पटकीने वाटेतच राहिला. आदल्या फेरीत त्याने आईसाठी एक असील कोंबडी आणली होती. तीही त्या उन्हाळ्यात मुंगसाने नेली आणि मागे एक पिल्लू राहिलं. काशीमाय भाकरीचा पहिला तुकडा त्याला घाली आणि दिवसभर त्याच्याशी बोलत बसे. मुलाच्या हातचं म्हणून तिच्याजवळ एवढंच उरलं होतं.

आणि नेमका त्याच साली पाटलांना कोंबड्यांच्या झुंजीचा नाद लागला. पैसा आला की काहीतरी नाद लागायचाच. पायाला सुरी बांधून कोंबडे लढवायचे. जिंकला तो जखमी आणि हरला तो ताटात. आठवड्याला दोनदा झुंजी, त्यामुळे कोंबडे पुरेनात. शेवटी पाटलांनी दवंडी पिटली की गावातला प्रत्येक असील नर त्यांच्या खुराड्यात आला पाहिजे. माद्या ज्याच्या त्याने ठेवाव्या. निवड अर्थातच नथ्थुजींनी करायची.

चावडीपुढे सगळं गाव जमलं. काशीमाय पदराखाली पिल्लू घेऊन अगदी मागे उभी होती. तिची पाळी आली तेव्हा तिने ते खाली ठेवलं, पण हात काही उचलेना. पिल्लू चांगलं दोन महिन्यांचं झालं होतं. मी एका नजरेत ओळखलं, नर. पाय जाड, पाठीवर टोकदार पिसं, आणि असीलपणा तर नखशिखांत. नथ्थुजींनी त्याला उलटं केलं, सुलटं केलं, खाली ठेवलं आणि पाटलांचं नवं कोरं जरीचं पागोटं मागून घेऊन त्याच्यापुढे फेकलं. पिल्लू तसूभरही दबलं नाही. छाती काढून ते पागोट्याकडे असं पाहत राहिलं की पागोटंच दबेल असं वाटलं.

"मादी," नथ्थुजी म्हणाले.

"आँ? मंग उभी कावून राह्यली?" पाटलांनी विचारलं.

"पागोटं जरीचं हाये, पाटील. बाईमानूस जरी पाहून राह्यली."

गाव हसलं. मी मात्र मास्तर. चूक दिसली की सुधारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. "पण नथ्थुजी, हा तर..." एवढं तोंडातून निघालं आणि नथ्थुजींची वहाण माझ्या पायावर अशी पडली की पुढचं वाक्य मी मनातल्या मनातच विव्हळलो. काशीमायने पिल्लू उचललं आणि ती पळालीच.

घरी येऊन मी भिंतीवरून म्हटलं, "डोळे तपासा नथ्थुजी. तो नर होता."

"तुमी शाळा पाहा, मास्तर," ते म्हणाले आणि आत गेले. मला वाईट वाटलं. म्हाताऱ्याचे डोळे गेले आणि मान्य करायची हिंमत नाही, असं मी आमच्या मंडळींना सांगितलंसुद्धा.

श्रावण लागला आणि नथ्थुजींना खोकला झाला. चमत्कारिक खोकला. दिवसभर नाव नाही, आणि पहाट झाली की हे काशीमायच्या ओसरीवर जाऊन बसत आणि गल्ली दणाणून सोडत. मी आल्याचा काढा नेऊन दिला, मध दिला, अडुळसा दिला. ते सगळं निमूटपणे प्यायले आणि दुसऱ्या पहाटे आणखी जोरात खोकले.

पोळ्याच्या दिवशी त्या खोकल्याचा उलगडा झाला. गावाबाहेर तोरणाखाली बैल ओळीने उभे होते. गुरव पूजा करत होता, आणि तोरण तुटायच्या आधी जी शांतता पडते ती पडली होती. काशीमायचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी डालगं नीट झाकलेलं नसावं. तिच्या भिंतीवर एक उमदा, लांब मानेचा पक्षी चढला, त्याने पंख झटकले आणि सगळ्या गावादेखत बांग दिली.

आता तुम्हाला वाटेल की लोक म्हणाले असतील, अरे, हा तर कोंबडा. छे! नथ्थुजींच्या शब्दावर गावाचा विश्वास असा, की कोंबडा डोळ्यांसमोर आरवला तरी लोकांनी मानलं ते हेच, की मादी आरवली. बायकांनी कपाळावर हात मारले. गुरवाच्या हातातली घंटा थांबली.

"मादी आरवनं इपरीत," तो म्हणाला. "गावावर येते. आत्ताच्या आत्ता मुंडी मुरगाळा आन् शिवेपल्याड फेका."

दोघेतिघे धावले. काशीमायने पाखरू पोटाशी धरलं आणि ती भिंतीला पाठ लावून खाली बसली. नथ्थुजी बैलांच्या ओळीतून वाट काढत पुढे आले. त्यांना काहीच करायची गरज नव्हती. गप्प राहिले असते तरी त्यांचा शब्द, चाळीस वर्षांचा, जसाच्या तसा राहिला असता.

"थांबा," ते म्हणाले. "मादी नोहे. नर हाये. नथ्थू चुकला."

एका बैलाच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजली. मग पाटील असे हसले की त्यांचं पागोटं कलंडलं, आणि मागून सगळं गाव हसलं. "नथ्थू चुकला! मंग आना तो नर इकडे. असील हाये ना, लढवू त्याले."

"असील नोहे, पाटील. गावठी हाये. तेबी चुकलो."

"आता तुह्यं कोन आयकते?" पाटील माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकले ना याच्यापाशी? तुमी सांगा, कोनती जात हाये?"

मी पाहिलं. लांब मान, वाटाण्याएवढा तुरा, मोत्यासारखा डोळा. इतका असील कोंबडा उभ्या वऱ्हाडात दुसरा नसेल. त्याच आठवड्यात मी शाळेत सत्य बोलण्यावर दोन तास खर्च केले होते.

"गावठी," मी म्हणालो. "आणि त्यातही अगदी टाकाऊ."

टाकाऊ म्हटल्यावर नथ्थुजींनी माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरणार नाही. जीव वाचला होता तरी तेवढा एक शब्द त्यांना लागला. पाटलांचा मात्र ब्राह्मणाच्या बोलण्यावर विश्वास बसला. गुरवाने घंटा उचलली, तोरण तुटलं आणि बैल धावले.

त्यानंतर नथ्थुजींच्या दारी डालगी येईनाशी झाली. बायका आपसातच पिल्लं उलटीसुलटी करू लागल्या आणि हमखास चुकू लागल्या, पण विचारायला कोणी आलं नाही. येणाराजाणारा भिंतीवरून ओरडे, "नथ्थुजी, मादी आरवली का?" ते हसत. मात्र अंगणात पागोटं फेकताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

एका संध्याकाळी राहवेना म्हणून मी भिंत ओलांडून त्यांच्याजवळ जाऊन बसलो. "एवढं नाव कमावलंत," मी म्हटलं, "आणि एका पिल्लापायी घालवलंत."

त्यांनी नाकातली काडी काढली आणि बोटांत फिरवत राहिले.

"माह्याआंधी चार भाऊ गेले, मास्तर. मायनं माह्यं नाक टोचलं, परकर नेसोला आन् पोट्टी केलं. आठ वर्सं मी नथी होतो. येनी, बांगड्या, सारं. मी पोट्टा हावो हे आंधळ्यालेबी दिसे. पन गावात एक मानूस बोलला नाई. बाया मले हळदीकुंकवाले बलावत. या पाटलाचा आजा लय कडक मानूस, तोबी वाटेत भेटला का मने, 'कावून वो नथीबाई, जेवली का?' मरन आलंबी असन दारात, तं त्याले पोट्टा सापडलाच नाई."

त्यांनी काडी धोतराला पुसली. "आख्खं गाव माह्यासाठी आठ वर्सं खोटं बोललं. मी तं एका पिल्लापुरतंच बोललो."

परकर नेसलेला तो मुलगा, आणि त्याला जेवलीस का म्हणून विचारणारं सगळं गाव डोळ्यांपुढे उभं राहिलं, आणि माझे डोळे भरून आले. मी त्यांना आंधळा म्हटलं होतं, त्याची लाज वाटली.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून अवेळी बांग आली, भरदार, खणखणीत. नथ्थुजींनी काडी परत नाकात घातली आणि कान टवकारले.

"आयकलं, मास्तर?"

"ऐकलं. काशीमायची कोंबडी."

"अंड्यावर आली वाट्टे," नथ्थुजी म्हणाले, आणि जुन्या सवयीने मोठ्याने खोकले. मग मीही खोकलो.