ठकी, दोन स्टिरिओ आणि एक पैज

रविवारी सकाळी बरोबर पावणेअकराला आमच्या ह्यांनी गाडीतल्या स्टिरिओला एक चापट मारली, आणि तिथून सगळं सुरू झालं.

गाडी आमची जुनी. म्हणजे आमच्यासाठी नवी, पण आधी दुसऱ्या कोणाची तरी. सासूबाईंचे गुडघे आणि आमची सात महिन्यांची ठकी, दोघींना बसच्या गर्दीत न्यायला नको म्हणून घेतलेली. (ठकी हे तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव आम्ही फार विचार करून ठेवलं आणि त्या नावाने तिला अजून कोणी हाक मारलेली नाही.) या गाडीत कंपनीनेच बसवून दिलेला स्टिरिओ होता. दोन गोल बटणं, एक हिरवी काच, आणि आवाज असा की शेजारच्या खोलीत कोणीतरी तोंडावर पांघरूण घेऊन बोलतंय. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला. ह्यांना पहिल्या दिवसापासून खुपला. कारण चापट बसल्याशिवाय तो बोलायचाच नाही.

"हा काढून टाकू," हे म्हणाले. "नवा बसवू. मोठा स्क्रीन, मागे दणदणीत स्पीकर, आणि डिकीत एक डबा."

"डबा कसला?"

"बेसचा. त्याने छातीत कसं धडधडतं बघ!"

"माझ्या छातीत तसंही धडधडतंच. त्याला वेगळा डबा कशाला?"

खोटं नाही सांगत. ठकी शिंकली की मी थर्मामीटर शोधते. दिवसभर शिंकली नाही तरी शोधते, कारण का बरं शिंकली नसेल? मागच्या सीटवर, लेकराच्या कानाशी दणदणीत काहीतरी बसवायचं म्हटल्यावर मी नाहीच म्हणणार. पण घरात मत मांडायचं म्हणजे मोठ्याने मांडावं लागतं. हे छापखान्यात कामाला, दिवसभर यंत्रांच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे घरीसुद्धा मीठ मागितलं तरी आग लागल्यासारखं मागतात.

शेवटी आम्ही चौघं गाडी घेऊन स्टिरिओच्या दुकानासमोर जाऊन थांबलो. दुकानदार म्हणाला, "वहिनी, कंपनीचा स्टिरिओ म्हणजे नुसती शोभा."

"पण कंपनीने काही विचार करूनच बसवला असेल ना?"

"वहिनी, सिगारेटची राखदाणी पण कंपनीने विचार करूनच बसवलीय. तुम्ही ओढता का?"

सासूबाई मागच्या सीटवरून हसल्या. मला राग आला. मी म्हटलं, "बाहेरचा बसवायचा तर गाडीच्या वायरी कापाव्या लागतात, असं ऐकलंय मी. उद्या दिवे लागायचे बंद झाले तर?"

"वायरी मी कापत नाही, जोडतो."

"जोडायच्या आधी काय करता?"

यावर तो हातातली पक्कड खिशात घालायला लागला. मी जिंकतेय असं वाटायला लागलं आणि नेमकं तेव्हाच ह्यांना सुचलं.

"आपण ठकीलाच विचारू."

ठकी सासूबाईंच्या मांडीवर गाढ झोपली होती. ह्यांचं म्हणणं असं: आधी कंपनीचा लावायचा, मग नवा, हळूहळू वाढवत. नव्याने ठकी उठली तर कंपनीचा राहील. नाही उठली तर नवा येईल. मी ताबडतोब कबूल झाले. माझी लेक उठणार, भोकाड पसरणार, आणि मी "बघा, सांगितलं होतं" असं म्हणणार. हे वाक्य म्हणायला मिळावं म्हणून मी सात महिन्यांचं लेकरू पंच म्हणून बसवलं. (आता वाचताना तुम्हाला वाटत असेल, ही कसली आई. मलाही तेच वाटतंय.)

कंपनीचा चापट खाऊन सुरू झाला. ठकी झोपलेलीच. ते ठीकच होतं.

मग दुकानदाराने लोंबत्या वायरींवर नवा जोडला. थोडा आवाज. मग आणखी. मग दुकानाची काच थरथरायला लागली, समोरच्या बाकावरचं मांजर उठून दुसऱ्या गल्लीत राहायला गेलं, सासूबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. ठकीने ओठ चोखले, मान दुसरीकडे टाकली, आणि झोपली.

"जिंकलो!" हे ओरडले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःच हात लांब करून स्टिरिओ बंद केला.

"काय झालं गं?"

"अहो," मी म्हटलं, "तिला ऐकू येत नाही."

पैज, स्क्रीन, डबा, सगळं तिथेच राहिलं. दुकानदाराने न सांगता वायरी सोडवून कंपनीचा परत बसवला. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. आमच्या घरात असं कधी होत नाही.

मला कारण लगेच कळलं होतं. माझं मशीन. मी घरी हॉस्पिटलच्या उशांचे अभ्रे शिवते. मोटरवर चालणारं मशीन, आणि ते सुरू झालं की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. ठकी जन्मल्यापासून तिचा पाळणा माझ्या स्टुलाशेजारी. एक पाय मशीनच्या पायट्यावर, दुसऱ्या पायाने पाळण्याला झोका. मला वाटायचं, काय हुशारी माझी! आता वाटलं, मीच लेकीचे कान घालवले, एकेक अभ्रा शिवत.

घरी आल्यावर कुकरची शिट्टी झाली. ठकी जागी होती, पण वळली नाही. सासूबाईंनी तिच्या पाठीमागे परातीवर झाकण आपटलं. वळली नाही.

"अगं, ती मोजा चावतेय," सासूबाई म्हणाल्या. "दात शिवशिवत असतील. तिला जगाशी काय करायचंय?"

पण मी कोणाचं ऐकते? मी आईला फोन केला. बहिणीला केला. वरच्या मजल्यावरच्या मावशींना सांगितलं, पाण्याच्या टाकीवाल्याला सांगितलं, अभ्रे न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला "अभ्रे तयार नाहीत" एवढंच सांगायचं होतं, त्यालाही ठकीच्या कानांपासून सुरुवात केली. बिचारा रुमालाने डोळे पुसत रिकामा टेम्पो घेऊन गेला. मशीनवर मी चादर टाकली. घर शांत झालं, आणि एरवी दुपारभर झोपणारी ठकी डोळे टक्क उघडे ठेवून पडून राहिली. मग मी त्याचाही अर्थ वाईटच लावला.

सोमवारी ह्यांनी रजा टाकली. कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाताना गाडीत मी म्हटलं, "मशीन विकून टाकते."

"मशीन विकायचं नाही," हे म्हणाले, चक्क हळू आवाजात. "आणि मला स्टिरिओ नको. गाडीसुद्धा नको. तिने फक्त एकदा माझ्या हाकेला वळावं."

तेव्हा मला कळलं की रात्री हेही झोपले नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी ठकीच्या मागे खुळखुळा वाजवला. ठकी त्यांच्या चष्म्याच्या साखळीकडे बघण्यात गुंग. उजवीकडे वाजवला, डावीकडे वाजवला. ठकीने साखळी धरली.

"असं नाही कळायचं," त्या म्हणाल्या. "छोटं यंत्र आहे, कानाशी लावलं की सांगतं. दुखत नाही. पण बाळ झोपलेलं हवं. झोपवून आणा."

दवाखान्यात ठकी झोपेना. इतकी शांतता तिने बघितलीच नव्हती. म्हणून आम्ही तिला गाडीत नेलं. ह्यांनी स्टिरिओला चापट मारली, तो खरखरायला लागला, आणि दवाखान्याला दोन चकरा मारेपर्यंत सासूबाईंच्या मांडीवर तिची मान कलंडली. ह्यांनी गाडी उभी केली, स्टिरिओ बंद केला.

मी अगदी कुजबुजत म्हटलं, "झोपली वाटतं."

ठकीने खाडकन डोळे उघडले.

पुन्हा चापट, पुन्हा खरखर, पुन्हा चकरा. झोपली. गाडी थांबली. मी तोंडाला पदर लावून ओठ हलले न हलले असं विचारलं, "नेऊ का आत?"

डोळे उघडे. वर आणि हसली.

"सूनबाई," सासूबाई म्हणाल्या, "तू जरा तोंड मिटून बस बघू. एवढं झोपलेलं लेकरू उठवते आणि वर म्हणते..."

म्हणता म्हणता त्याच थांबल्या. हे मागे वळले. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"खाली उतर," हे मला म्हणाले. "डिकीच्या मागे जा. तिथून बोल. हळू."

मी उतरले. डिकीमागे खाली बसले, काय बोलावं ते सुचेना, म्हणून जे मनात होतं तेच पुटपुटले, "ठके, माझं चुकलं गं."

गाडीतून सासूबाई ओरडल्या, "वळली! अगं, मान मोडेल एवढी वळली!"

मी तिथेच, रस्त्यावर, डिकीला टेकून रडले. आवाज ऐकून डॉक्टरीणबाई खिडकीत आल्या. (मी रडतेही जरा मोठ्याने.)

यंत्राची तपासणी त्यांनी तरीही केली, माझ्या समाधानासाठी. फक्त मला बाहेर बसवलं. "तुम्ही आत असलात तर बाळ उठेल," म्हणाल्या. दोन्ही कान उत्तम निघाले.

"मग एवढ्या गोंगाटात झोपते कशी?" मी विचारलं.

"तिच्यासाठी तो गोंगाट नाहीच. मशीन चाललंय, बाबा बोलताहेत, म्हणजे घरात सगळं ठीक आहे. झोपायला हरकत नाही. पण आई अचानक हळू बोलायला लागली, की तिला वाटतं, काहीतरी भानगड दिसतेय, उठून बघायला हवं. पाळणा तेवढा मशीनपासून लांब ठेवा, आणि तो मोठा स्टिरिओ नकोच."

सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, लगेहात सुनेचेही कान तपासा. गेलं वर्षभर मी 'काळजी पुरे' म्हणतेय, तिला ऐकू जात नाही."

घरी येताना हे म्हणाले की पैज त्यांनी जिंकली खरी, पण कंपनीचाच स्टिरिओ राहू दे, त्याच्या खरखरीवर ठकी छान झोपते. पाळणा आता दुसऱ्या खोलीत आहे, मधलं दार उघडं. अभ्रे शिवून झाले. टेम्पोवाला आला तो ठकीसाठी टोपी घेऊन, कान झाकणारी.

आता एवढंच करा. मी घाबरून कोणाकोणाला काय काय सांगितलं ते मलाच आठवत नाही, आणि अजूनही रोज कोणीतरी दारात येऊन ठकीकडे बघून उसासा टाकतं. तेव्हा हे वाचाल त्यांनी भेटेल त्याला सांगा, ठकीला ऐकू येतं, उत्तम येतं. फक्त आमच्या दाराजवळ सांगणार असाल तर चांगलं ओरडून सांगा. ती नुकतीच झोपली आहे, आणि तिला झोपवायला मला मशीन चालवत दीड तास गप्प बसावं लागलंय.