दुसरी किल्ली फौजदाराकडे

"परवाना ना? आज संध्याकाळपर्यंत हातात आणून दाखवतो! तुम्ही काळजी सोडा, मास्तर!"

जनावरांच्या डॉक्टरांनी छाती फुगवून हे सांगितलं खरं, पण तेवढ्यात त्यांचीच उजवी दाढ ठणकली. गालातली लवंग त्यांनी जिभेने पुन्हा जागेवर ढकलली आणि काही झालंच नाही असा चेहरा केला. दाताच्या डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की या माणसाला हमखास काहीतरी तातडीचं काम निघत असे.

समोर गायनमास्तर रडवेले होऊन बसले होते. त्यांच्या कुत्र्याचा, म्हणजे फौजदाराचा, सुळा मुळाशी मोडून जबडा टम्म सुजला होता. कालपासून त्याने पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. दवाखान्याच्या मागच्या पडवीत तो साखळीला बांधलेला होता आणि जवळ येईल त्याच्यावर गुरगुरत होता, मग तो मालक का असेना! दात काढायचा तर भूल द्यायला हवी. भुलीचं औषध मागवायचं तर सरकारी परवाना हवा. आणि परवाना हवा असेल तर देवा रे देवा! अर्जाच्या तीन प्रती, पदवीचा दाखला, भिंतीचा फोटो, भिंत आपलीच असल्याचा दाखला आणि त्या भिंतीत पक्कं बसवलेलं दोन कुलपांचं लोखंडी कपाट. एक किल्ली डॉक्टरांकडे, दुसरी त्यांच्या बायकोकडे. एकाची किल्ली दुसऱ्याच्या हाती लागता कामा नये, असा नियम होता.

दुपारी निरीक्षक आले. काटकुळे, गंभीर, आणि काखेत शिक्क्याची डबी. ती टेबलावर ठेवून त्यांनी कागद वाचले, भिंत ठोकली, कपाट हलवून पाहिलं. कपाट जागचं हललं नाही, निरीक्षकच हलले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "आता प्रात्यक्षिक. आत काहीतरी ठेवून बंद करा."

डॉक्टरांना कोण उत्साह! टेबलावरचं हाताला लागलं ते उचललं, आत ठेवलं आणि दोन्ही कुलपं दाबली. खट! खट!

"आता एकट्याने उघडून दाखवा."

"उघडणारच नाही, साहेब! दुसरी किल्ली माझ्याकडे नाही, आणि कुठे आहे तेही मला ठाऊक नाही!"

"वा! इतकी चोख व्यवस्था मी आजवर पाहिली नव्हती." निरीक्षक चक्क हसले. "मारतो शिक्का. माझी डबी कुठंय?"

डॉक्टरांनी टेबलाकडे पाहिलं. मग कपाटाकडे पाहिलं. मग जमिनीकडे पाहत राहिले.

"अहो, शिक्का आहे तो!" निरीक्षकांची गाळण उडाली. "हरवला तर अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जावर शिक्का लागतो!"

डॉक्टरांनी घाईघाईने बायकोला फोन लावला. बहिणीचं घर बदलायचं म्हणून ती सकाळीच तिच्या गावाला गेली होती आणि परवा परतणार होती.

"अगं, किल्ली कुठे ठेवलीस?"

"तुमच्या हाती लागणार नाही अशा जागी! नियमच आहे ना तसा? फौजदाराच्या पट्ट्याला बांधलीय. त्याच्या गळ्याला हात घालायची कोणाची छाती आहे?"

खरंच कोणाची नव्हती. मास्तरांनी लाडीगोडी लावून पाहिली, गाऊन पाहिलं. गाणं सुरू होताच गुरगुर दुप्पट झाली. डॉक्टर कातड्याचे हातमोजे घालून पुढे झाले आणि एक हातमोजा तिथेच ठेवून परत आले.

मग कुलपवाल्याला बोलावलं. तो कपाट बघूनच मागे सरकला. "औषधाचं कपाट? साहेबांच्या शिक्क्याचा कागद दाखवा, लगेच फोडतो."

"शिक्का आतच आहे रे बाबा!"

"मग आतून काढा आणि कागद करा," असं म्हणून तो सरळ चालता झाला.

डॉक्टर मटकन खुर्चीत बसले. "फौजदाराला गुंगी दिली तर किल्ली मिळेल. गुंगी द्यायला परवाना पाहिजे, परवान्याला शिक्का, शिक्क्याला किल्ली, आणि किल्ली याच्या गळ्यात!"

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "डॉक्टर, परवापर्यंत तो पाण्याविना कसे दिवस काढेल हो? तुमच्या मिसेसना परत लावा की फोन. काल त्याला बांधताना तो त्यांच्यापुढे गोगलगाय झाला होता."

फोन लागला. डॉक्टरांनी तो मोठ्या आवाजावर करून पडवीच्या दारात धरला.

"काय चाललंय तिथे?" आवाज कडाडला. "गुपचूप बस खाली! आणि तोंड मीट!"

फौजदार बसला. मान खाली घालून, कान पाडून, शहाण्यासारखा. डॉक्टरही बसले, सवयीने. आणि कोणाच्या लक्षात येण्याआधी निरीक्षकही पायरीवर टेकले होते! डॉक्टर बसल्या बसल्याच पुढे सरकले आणि त्यांनी पट्ट्याची किल्ली सोडवली.

कपाट उघडलं. डबी हातात येताच निरीक्षकांच्या जिवात जीव आला. पण शिक्का कागदावर टेकणार, तोच त्यांचा हात थांबला.

"डॉक्टर, अर्जात कारण लिहिलंय, 'औषधाशिवाय जनावर ताब्यात येत नाही.' मी तर आत्ताच ते फोनवर ताब्यात आलेलं पाहिलं!"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टर मात्र गालाला हात लावून उसळून उठले.

"साहेब, बसणं वेगळं आणि दात काढू देणं वेगळं! माझ्याकडेच बघा! बायकोने बस म्हटलं की मी बसतो. पण ही दाढ काढून घ्या म्हणून ती वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, घेतली का मी काढून?"

निरीक्षकांनी त्यांच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं, मग फौजदाराच्या जबड्याकडे. दोन्ही सारखेच फुगले होते. "पटलं," ते म्हणाले, आणि ठप्पकन शिक्का मारला!

मास्तरांनी डॉक्टरांना कडकडून मिठी मारली. औषध दुसऱ्या दिवशी सकाळीच आलं, सुळा निघाला, आणि दुपारी फौजदाराने वाडगाभर दूध चाटूनपुसून संपवलं. मास्तर त्या दिवशी आनंदाने गात सुटले आणि फौजदार चक्क गुरगुरला नाही.

एवढ्या गडबडीत डॉक्टर एकच गोष्ट विसरले होते. शिक्का बसला तेव्हा फोन चालूच होता.

तिसऱ्या दिवशी बायको आली ती पिशवीही खाली न ठेवता डॉक्टरांना घेऊन निघाली. त्यानंतर अर्ध्या तासात डॉक्टर दाताच्या दवाखान्यातल्या बाकावर होते. आत जायची पाळी आली तसे ते हळूच दाराकडे सरकले.

"बसा खाली," बायको म्हणाली.

डॉक्टर बसले. शेजारी फौजदारही बसलेला होता. त्याला मास्तरांकडून खास मागून आणला होता, दारावर लक्ष ठेवायला.