केतकीबाईंच्या सुटलेल्या फासाची बखर

श्री. ब्रह्मपाशात बांधला गेला असता ‘होय, बांधला गेलो’ म्हणावयास ज्यास लाज वाटली नाही, त्या श्रीबजरंगबलीचे चरणी मस्तक ठेवून, शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, कार्तिकमासी जे वर्तमान जाहले, ते जैसे जाहले तैसे लिहिले आहे. संवत्सराचे नावच क्रोधी, तेव्हा रागास निमित्त हुडकीत फिरावे लागले नाही.

तर एका शहरी फरशा विकणाऱ्याचे दुकान, आणि त्या दुकानाचे माडीवर एक राज्य होते. राज्याचा विस्तार भिंतीपासून भिंतीपर्यंत, जमीन म्हणावी तर निळ्या रबराची गादी, आणि तिजवर ब्राझील देशीची जुजुत्सू नामे कुस्तीविद्या चाले. या विद्येत ठोसा नाही आणि लाथ नाही. दोघांनी बसावे, हस्तांदोलन करावे, मग एकमेकांस धरून जमिनीवर लोळावे, आणि ज्यास साधेल त्याने दुसऱ्याचा गळा आवळावा वा हात पिळावा, आणि जो सापडला त्याने गादीवर वा गड्याचे अंगावर हात आपटावा. यास थाप म्हणावे. थाप पडली की आवळणाराने त्याच क्षणी सोडावे आणि दोघांनी हसून पुनः बसावे. सारी विद्या या थापेवर उभी आहे. देणारास कळते की आपले कोठे चुकले, आणि घेणारास कळते की आपले साधले, आणि दोघेही उद्या आजच्याहून बरे होतात. इतके सरळ ते, परंतु सरळ गोष्टीचा विचका करावयास माणसास फार वेळ लागत नाही.

राज्यात पट्ट्यांवरून मानपान होता. कंबरेस पांढरा पट्टा ती रयत, निळा तो मानकरी, जांभळा तो सरनोबत, आणि काळा पट्टा एकट्या वस्तादांचा. वस्ताद खुर्चीत बसून चहा घेत आणि तेथून राज्य करीत. सरनोबत तेजस काटकर, वय सव्विशीचे, अंग वेताचे आणि बोलणे गोड, हे गादीवरचा कारभार पाहत. आणि रयतेत केतकीबाई बर्गे म्हणून होत्या, चाळिशीला टेकलेल्या, पेशाने गाईम्हशींच्या डॉक्टर. अडलेल्या म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून रेडकू ओढून काढणाऱ्या बाई त्या, त्यांच्या बाहूंत काय बळ असेल ते वाचणाराने समजून घ्यावे. बाईंनी या विद्येत एकच डाव जिवापाड घोटला. गड्याचे पाठीवर जावे, पाय त्याचे कमरेभोवती अडकवावेत, आणि मागून गळ्याभोवती हाताचा फास टाकावा.

आता या राज्यात एक रीत पडली होती, ती कोणी पाडली हे कोणी सांगेना, पण पाळीत सारे. धाकट्या पट्ट्याने थोरल्यास डावात धरले, फास बसला, थोरल्याचा चेहरा तांबडा जाहला, की थोरल्याने थाप देऊ नये. थोरल्याने शिकवू लागावे. म्हणजे काय, तर बाईंचा हात तेजसरावांचे हनुवटीखाली सरकला रे सरकला, की सरनोबत म्हणणार, “थांबा ताई, थांबा. इथं एक बारकावा आहे.” आणि थोरला पट्टा बोलू लागला म्हणजे धाकट्याने हात सोडून ऐकावे, हा अदब. बाई हात सोडीत. मग सरनोबत गळा चोळीत सांगत, “कोपर अजून खाली पाहिजे. आता बघा, इथून मी सहज निघालो असतो.” आणि मग पुनः आरंभ करावा तो कोठून? तर सरनोबत वर आणि बाई खाली, तेथून. हा कुठला न्याय? निळे मानकरीही आपल्याहून धाकट्यांशी असेच वागत, आणि रयत मुकाट्याने कोपरे खाली-वर करी. शिकवण्याचे नाव पुढे करून इतका निलाजरा पळ कोणी काढला नसेल.

बाईंस आरंभी काही वाटले नाही. त्या आपल्या भाबडेपणी घरी जाऊन कोपर खाली घेण्याचा सराव करीत. यजमान श्रीधरपंत वर्तमानपत्र वाचीत बसले की मागून जाऊन फास टाकीत, आणि श्रीधरपंत टीपॉयवर हात आपटून म्हणत, “अगं लागला, लागला, सोड!” बाई म्हणत, “खरं सांग, नीट लागला का?” पंत म्हणत, “डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणखी काय पाहिजे तुला?” परंतु बाईंस वाटे की हा आपला नवरा, मन राखायला बोलतो. नवऱ्याची थाप खोटी आणि सरनोबताचे व्याख्यान खरे, इथवर त्या राज्याने बाईंची मती फिरवली होती.

मग नवरात्र सरले आणि पट्टे वाटण्याचा दरबार भरला. बाईंहून मागून आलेल्या दोघांस निळे पट्टे जाहले आणि बाईंस न जाहला. बाईंनी धीर करून विचारले, “सर, माझं काय कमी पडतं?” वस्तादांनी चहाचा कप बशीत ठेविला आणि म्हणाले, “केतकी, मेहनत आहे तुझी. पण फास लागत नाही. वरच्या पट्ट्यातल्या कुणी थाप दिलीय का तुला कधी?” बाई म्हणाल्या, “नाही सर.” “मग?” वस्ताद म्हणाले, आणि पुनः कप उचलिला. बाई खाली मान घालून बसल्या. पट्ट्याचे दुःख होतेच, परंतु खरा घोर निराळाच लागला. आपल्या हातांत विद्या आहे की इतके दिवस आपण नुसती मिठीच मारीत आलो, हे बाईंस आता स्वतःस ठाऊक नव्हते, आणि ज्यांस ठाऊक होते ते बोलत नव्हते. त्या वेळी तेजसराव शेजारीच उभे होते. ज्याचा गळा आदले दिवशीच त्या हातांत तांबडा होऊन आला होता, तो भला माणूस मूग गिळून भिंतीकडे पाहत राहिला.

त्याउपरि कार्तिकात परमुलखी सामन्यांचा डंका वाजला. राज्याने टेंपो ट्रॅव्हलर भाड्याने केली, आत केळी, चिवडा आणि बर्फाच्या पिशव्या भरल्या, आणि मोहीम कूच करती जाहली. बाईंनी पांढऱ्या पट्ट्यांत नाव घातले होते. मनी म्हणाल्या, येथे मला कोणी ओळखत नाही, येथे तरी खरे काय ते कळेल. पुढे आली ती एक किरकोळ बांध्याची मुलगी, मोठी चपळ. तिने बाईंचे पाय ओढिले आणि बाई खाली आल्या, मग बाई कुशीवर वळल्या, मग ती निसटू लागली, आणि निसटताना तिने पाठ दिली. बाई पाठीवर गेल्या, पाय अडकविले, हात हनुवटीखाली सरकला, फास बसला. असा बसला की बाईंस स्वतःलाच कळले, हा बसला! मुलीचा चेहरा तांबडा जाहला, तिचा हात वर उठला, आणि त्याच वेळी तिच्या तोंडून काही शब्दासारखे निघाले.

आणि बाईंचे हात सुटले.

बाईंनी सोडिले नाहीत, आपोआप सुटले. समोरचा बोलू लागला की सोडावे, हे त्या हातांस इतके मुरवले होते की त्यांनी बाईंस विचारिलेदेखील नाही. ती मुलगी पळभर चकित होऊन तशीच राहिली, मग भानावर येऊन फिरली, बाईंचे छातीवर बसली, आणि वेळ संपेतो बाईंस उठू दिले नाही. पंचाने तिचा हात वर केला. गादीबाहेर आल्यावर तीच मुलगी पाण्याची बाटली घेऊन बाईंकडे आली आणि म्हणाली, “ताई, का सोडलंत हो? मी थाप देणारच होते.” बाई म्हणाल्या, “तू काहीतरी बोललीस ना.” मुलगी म्हणाली, “मी? अहो, मी खोकले.” हे ऐकून बाईंचे तळपायाची आग मस्तकी गेली. जो फास लागत नाही म्हणून पट्टा अडवला होता तो परक्या मुलखात पहिल्याच झटक्यास लागला होता, आणि तो सुटला तो आपल्याच राज्याने सोडायला शिकविला म्हणून!

इतक्यात पलीकडच्या गादीवर सरनोबतांची झुंज लागली. गाठ पडली ती दाढीवाल्या एका गड्याशी, आणि त्याने बघता बघता तेजसरावांची पाठ घेतली. तेजसरावांनी गळा वाचवावयास हात वर नेलाच नाही. फास बसला तेव्हा त्यांनी सवयीने तोंड उघडले, आणि बाईंनी आपल्या कानांनी ऐकिले, सरनोबत म्हणाले, “थांब, इथं तुझं कोपर...” दाढीवाल्यास या राज्याचा अदब ठाऊक नव्हता. त्यास वाटले कोपर ढिले आहे, म्हणून त्याने आणखी आवळिले. आणि सरनोबत थाप न देता, वाक्य पुरे न करिता, डोळे पांढरे करून निजले. पंचाने धावून सोडविले, पाय वर धरिले, तेव्हा शुद्धीवर येऊन म्हणाले, “काय झालं?” माणूस बचावला ही देवाची कृपा. परंतु परतीचे वाटेवर मानकरी काय बोलू लागले ते ऐकावे. एक म्हणाला तेजस सरांना सकाळपासून पित्त होते, दुसरा म्हणाला हॉलमध्ये हवाच नव्हती, आणि वस्ताद पुढल्या आसनावरून म्हणाले, “दाढीवाल्याचं तंत्र चुकीचंच होतं.” चुकीच्या तंत्राने माणूस निजतो, हे शास्त्र त्याच गाडीत प्रथम ऐकिले. बाई खिडकीशी बसून होत्या. चिवडा पुढे आला तो त्यांनी घेतला नाही.

दोन दिवसांनी पुनः सराव भरला. त्या राज्यात धाकट्याने थोरल्यास खेळावयास बोलावू नये असाही नेम होता. बाईंनी तो प्रथम मोडला. भर गादीवरून चालत सरनोबतांपुढे जाऊन म्हणाल्या, “सर, माझ्याशी खेळा.” मानकरी एकमेकांकडे पाहू लागले. तेजसराव म्हणाले, “ताई, आज जरा मान...” बाई म्हणाल्या, “मान सांभाळीन मी. बसा.” मग दोघे बसले आणि खेळ लागला. सरनोबत चांगलेच खेळणारे, त्यांनी बाईंस वरून दाबिले, नाकी नऊ आणिले, एकदा हातही पिळिला, आणि बाईंनी खळखळ न करिता थाप दिली आणि पुनः बसल्या. मग खेळता खेळता सरनोबत गुडघ्यांवर आले, पाठ उघडी पडली, आणि बाई वर गेल्या. पाय अडकले, हात सरकला, फास बसला. आणि सरनोबतांनी तोंड उघडिले.

“थांबा ताई, इथं एक बार...”

“बोल तेजस,” बाई म्हणाल्या. “ऐकतेय मी.”

हात सुटले नाहीत. सुटू पाहत होते, बाईंस आपल्या बोटांत ती ओढ लागलेली कळत होती, परंतु त्यांनी आपलेच मनगट घट्ट धरून ठेविले. गादीवरचे बाकीचे सारे खेळ थांबले. खुर्चीतून वस्ताद म्हणाले, “केतकी, सोड. सर काहीतरी सांगतायत.” बाई मान न वळविता म्हणाल्या, “सांगू देत ना सर. मी कुठे त्यांचं तोंड धरलंय? पण सांगायचं ते त्यांनी हाताने सांगावं.” वस्ताद उठून उभे राहिले. आणि तेव्हा बाईंचे दंडावर काही हलके लागले. बाईंस वाटले घामाचा थेंब असेल. मग पुनः लागले, आणि मग सरनोबतांनी हात उचलून गादीवर असा आपटिला की खाली दुकानदाराने वर पाहिले असेल. बाईंनी त्याच क्षणी सोडिले.

तेजसराव गुडघ्यांवर बसून खोकत होते. वस्ताद म्हणाले, “अरे, परवाचा अशक्तपणा आहे अजून. सर आज पुरते बरे...” तेजसराव खोकता खोकता म्हणाले, “नाही सर. लागला होता.” आणि बाईंकडे वळून, खालच्या आवाजात म्हणाले, “ताई, मला खरंच वाटायचं, मी सुटतोय.”

बाईंनी टेंपोत बसून बोलायचे पुष्कळ योजून ठेविले होते. पट्टा कोणामुळे गेला, सामना कोणामुळे गेला, लाज कशी वाटत नाही, सारे जिभेवर तयार होते. परंतु त्यांनी त्या पोराचे तोंड पाहिले. त्याचे गळ्यावर त्यांचे हाताचा वळ उठला होता. याला जांभळा पट्टा जाहला त्या दिवसापासून कोणी खरे आवळिलेच नव्हते. सारे सोडीत आले आणि हा सुटत आला, आणि जेथे खरा फास पडला तेथे याला गळा वाचविणेही येईना आणि थाप देणेही सुचेना. बाईंचा राग तसूभर कमी जाहला नाही. उलट त्यात स्वतःवरचा राग मिसळला, कारण इतके दिवस हात सोडणाऱ्यांत त्याही होत्या. म्हणाल्या, “बस परत. पाठ दे. आणि या वेळी आधी हात वर घे, मग बघू सुटतोस का.” आणि तो बसला, आणि सुटला नाही, आणि त्याने थाप दिली, आणि पुनः बसला. मग कोपऱ्यातला एक पांढरा पट्टा उठला आणि एका मानकऱ्यापुढे जाऊन बसला. वस्ताद पुनः खुर्चीत बसले. मग त्यांनी चहा मागविला.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. बाईंस निळा पट्टा अद्याप नाही, त्याही मागत नाहीत. सरनोबत आता हात वर घेऊन गळा राखितात आणि दहांत चारदा खरेच सुटतात. ज्यांस हे वर्तमान खोटे वाटेल त्यांनी माडीवर यावे, केतकीबाईंपुढे पाठ करून बसावे, आणि मग काय बोलायचे ते बोलावे. लेखनसीमा.