डोळे मिटून पार्टी

गुंजाळ गुरुजींच्या वर्गातली पार्टी मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं, वर्गातलं कुणीतरी वारलंय. सकाळचे नऊ वाजलेले आणि खिडक्या बंद. अंधारात बत्तीस मुलं डोळे घट्ट मिटून, मांडी घालून बसलेली. मध्ये एक घमेलं, त्यावर पांढरं धोतर पसरलेलं. गुरुजी कानात सांगावं तशा आवाजात एकेक नाव घेत होते. नाव आलं की तेवढंच मूल डोळे उघडून उठायचं, आवळलेली मूठ धोतराखाली कोपरापर्यंत घालायचं आणि मोकळा हात घेऊन परत जायचं. कुणी शिंकतसुद्धा नव्हतं. पार्टीला इतकी गप्प पोरं मी त्याआधी पाहिली नव्हती.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. पारनेर तालुक्यात माळावर दोन खोल्यांची शाळा आणि शिक्षकही दोनच, गुरुजी आणि मी. मी नगरहून नवी आलेली, डी.एड. ताजं आणि हौस अंगात मावत नव्हती. आल्या आल्या मी माझ्या पहिली-दुसरीची पार्टी केली. पताका, फुगे, संगीतखुर्ची, शिवाय प्रत्येकानं घरून छान डबा आणायचा! पताका वाऱ्यानं बाभळीवर गेल्या. संगीतखुर्चीत दोघांची मारामारी झाली. एकीच्या डब्यातला शिरा सगळ्यांनी लुटला, ती भोकाड पसरून बसली. आणि चार मुलं त्या दिवशी शाळेलाच आली नाहीत. त्यांच्या घरी चौकशी केली तर चौघांचंही पोट दुखत होतं.

‘एकाच दिवशी चौघांचं कसं हो दुखलं?’ मी हसत विचारलं. गुरुजी हसले नाहीत.

‘बाई, पार्टीचा ताप करून घ्यायचा नाही,’ एवढंच म्हणाले.

ताप हा गुरुजींचा लाडका शब्द. फुगा फुटतो, मग पोरगं रडतं, म्हणून फुगा हा ताप. पाहुणा बोलावला तर भाषण करतो, म्हणून पाहुणा हा त्याहून मोठा ताप. पायात दोन वेगळ्या चपला घालून ते खुशाल शाळेत यायचे, जोडी शोधायचा ताप नको म्हणून. त्यांची पार्टी दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी, वीस मिनिटांत आटपायची. घरातनं मूठभर काहीही आणायचं, शेंगदाणे, मुरमुरे, फुटाणे, अगदी बोरंसुद्धा. सगळं एका घमेल्यात जायचं, कालवलं की झाली पार्टी. नियम दोनच. दुसऱ्याच्या मुठीकडं बघायचं नाही आणि मुठीत काय होतं ते विचारायचं नाही.

इथवर ठीक. पण मोठ्या पोरांनी वाटप सुरू केलं की गुरुजी बाहेर जायचे आणि एका खिडकीच्या फटीतून आत बघत राहायचे. अंधारात ती उजेडाची रेघ आणि रेघेत त्यांचा एक डोळा. मुलांना सवय होती. माझ्या मात्र अंगावर काटा यायचा. शिवाय बत्तीस चिमुकल्या मुठींत ते घमेलं शिगोशीग कसं भरतं, हे गणित मला सुटत नव्हतं.

गावालाही सुटत नव्हतं. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर नाना आले. पंचायतीचे माजी सदस्य, त्यांची सुमन गुरुजींच्या वर्गात. हातात अर्ज.

‘बाई, आमची सुमी घरी जेवताना बी डोळं मिटून बसती. तिची आजी लई घाबरली हाय. मास्तर पोरांवर काय करनी-बिरनी करतोय, असं समदं गाव म्हनतंय.’

‘नाना, काहीतरीच काय!’

‘मग घमेलं भरतं कुठनं? अन् पहाटं रिकाम्या वर्गात कुनाशी बोलतोय त्यो? आमच्या गड्यानं ऐकलंय. बदलीसाठी साहेबाला अर्ज द्यायचाय. तुमी सही केली की काम झालं. उद्या पार्टीला आमी येतो, तवा करा.’

खरं सांगते, मी ठाम नाही म्हणाले नाही. मलाही त्या डोळ्याची भीती वाटत होती. पण माझ्या सहीनं एका म्हाताऱ्या माणसाची शाळा सुटणार होती. म्हटलं, आधी आपल्या डोळ्यांनी बघावं.

शनिवारी झुंजूमुंजू होताच शाळेवर गेले. माळावर चिटपाखरू नव्हतं. वर्गातून आवाज येत होता. मी त्याच फटीला डोळा लावला.

गुरुजी रिकाम्या वर्गासमोर उभे होते. ‘सुमन,’ ते हळूच म्हणाले, थांबले, आणि कुणी उठून आल्यासारखे बाजूला सरकले. ‘अशोक.’ पुन्हा थांबले. ‘शाब्बास’ म्हणत त्यांनी हवेतच, डोक्याच्या उंचीवर, हात ठेवला. बत्तीस नावं झाली. आता संपलं असं वाटत असतानाच ते वळले आणि थेट माझ्या फटीकडे बघत म्हणाले, ‘बबन, ये की आत. बाहेर का उभा राहतोस दर वेळी?’

बबन नावाचं मूल शाळेत नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

आतून त्याहून मोठी किंकाळी आली.

‘बाई, केवढा ताप दिलात!’ गुरुजी छाती धरून दारात आले.

‘तुम्ही कुणाशी बोलत होतात?’

‘तालीम करतोय. पोरं यायच्या आधी घोटाळे निस्तरून घेतले की मग ताप नाही.’ त्यांच्या हातात मुरमुऱ्यांची पिशवी होती. घमेलं अर्धं भरलेलं.

‘हे तुम्ही भरता?’

‘तळ झाकतो. रिकाम्या घमेल्यात शेंगदाणे पडले की टणटण वाजतात. ज्याच्या मुठीत काही नसतं त्याचं वाजत नाही. मग सगळ्यांना कळतं.’ त्यांनी पिशवीची घडी घातली. ‘पाच-सहा मुठी रिकाम्याच येतात, बाई. कुणाच्या ते मलाही बघायचं नसतं. पण त्यांची पोटं आता दुखत नाहीत.’

मला माझी ती चार मुलं आठवली आणि माझी मलाच लाज वाटली.

‘आणि बबन?’

‘मीच. भगवान हे शाळेतलं नाव, आई बबन म्हणायची. आमच्या वेळी संक्रांतीला वर्गात डबे उघडायचे. मी पोट दुखतंय सांगून खिडकीबाहेर उभा राहायचो. गुरुजी झालो, पण अजून आत जाऊन बसवत नाही. पाय उचलत नाहीत.’

नऊ वाजता नाना गावातल्या दोघांना घेऊन आले. मी म्हटलं, ‘गुरुजी, आज नावं मी घेते.’ ते बाहेर फटीपाशी गेले. एकेक मूल उठलं, हात घालून परतलं. कसलाच आवाज झाला नाही. बत्तीस झाल्यावर मी हळूच म्हटलं, ‘नाना.’

नाना दचकले. त्यांच्या हातात अर्ज सोडून काही नव्हतं. सगळे डोळे मिटलेले पाहून त्यांनी अर्ज खिशात कोंबला, रिकामी मूठ आवळली आणि धोतराखाली घातली. परत जाताना ते सुमनशेजारी बसले आणि तिच्यासारखेच डोळे मिटून घेतले. त्या अर्जाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

मग मी फटीकडे बघून म्हटलं, ‘बबन, ये आत.’

बराच वेळ काही झालं नाही. मग दार करकरलं. गुरुजी मूठ आवळून, वेगवेगळ्या चपला दारात काढून आत आले. धोतराखाली गेलेला त्यांचा हात लवकर बाहेर येईना.

‘बाई,’ ते पुटपुटले, ‘माझ्या मुठीत काही नव्हतं.’

‘विचारलंय कुणी?’

ते रांगेच्या टोकाला मांडी घालून बसले. मी त्यांच्यापुढे कागद ठेवला, त्यावर सगळ्यांएवढाच वाटा घातला. ते डोळे मिटून खात राहिले. खिडकीच्या फटीत त्या दिवशी नुसतं ऊन होतं.