भोईर काकांच्या फ्लॉपीचं गाव

आमच्या पनवेलच्या सोसायटीत भोईर काका कॉम्प्युटरवर ओरडतात. स्क्रीनवर ‘डिस्क फॉरमॅट करू का?’ असं आलं, की समोरच्या घरात ऐकू जाईल असं “नाय!” म्हणतात. समोरचं घर माझंच, म्हणून सांगते.

काका न्हावा शेव्याला मालाच्या कचेरीत होते. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, हे भंगारवाल्यांकडे जायला लागले. फ्लॉपी वाचायचे जुने ड्राइव्ह त्यांच्या पलंगाखालीसुद्धा आहेत. कुणी जुनी फ्लॉपी आणली, की चहाआधी प्रश्न, “हिचं गाव कुठलं?” मग ती उजेडात धरून कोपऱ्यातली भोकं बघायची.

“एकच भोक हाय, म्हंजे जुनी. पन कंच्या मशीनवर भरली? दिसायला सगल्या सारख्या. परक्या मशीनला तिची भाषा कलत नाय, मंग ती इचारते, पुसून टाकू का? आनि आपली शिकलेली मानसं लगेच हो म्हनतात!”

हा टोमणा आमच्या सेक्रेटरींना. त्यांनी एकदा असंच ‘हो’ दाबून स्वतःच्या सगळ्या कविता घालवल्या. आम्ही काही फार हळहळलो नाही.

मला हे सगळे रिकामटेकडे उद्योग वाटायचे. मग काकांच्या नातीचं लग्न ठरलं, जवळच्याच कोन नावाच्या गावात, आणि काका एकदम गप्पच झाले.

“अहो काका, तोंड का पाडलंय?”

त्यांनी कपाटातून एक फ्लॉपी काढली. “हिचंच गाव मिलत नाय.”

काकू धवलारीण होत्या. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावायचा त्यांचा मान. देवाघरी जायच्या आधी त्यांनी आपले सगळे धवले काकांना सांगितले, आणि काकांनी ते कचेरीने मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरवर इंग्रजी अक्षरांत टाइप करून या फ्लॉपीत ठेवले. पुढे ते धूड बंद पडलं. दुसरं कुठलंच मशीन ती फ्लॉपी ओळखेना. आणि नात हटून बसली होती, माझ्या लग्नाला आजीचेच धवले पाहिजेत!

परवा त्यांनी मला हाक मारली. भंगारातल्या एका ड्राइव्हला फ्लॉपी कळली होती. काका स्क्रीनवर बोट ठेवून धवला म्हणत होते. सूर अगदीच यथातथा, पण शब्द न् शब्द शाबूत.

मध्येच ते थांबले.

काकू सांगत गेल्या तसं काकांनी टाइप केलं होतं. गाणं कुठलं आणि बोलणं कुठलं, हे काही त्यांनी निवडलं नव्हतं. ऐन धवल्यात एक ओळ होती, “लिवलं का सगलं? का झोप लागली?”

काकांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

“लिवलं गो,” ते हळूच म्हणाले, “सगलं लिवलं.”