पेरूच्या झाडावरचा दिवा

आमच्या शेजाऱ्यांच्या घरामागच्या परड्यात भर दुपारी दिवा लागायचा. ऊन मी म्हणत असायचं, पेरूच्या झाडाखाली लोखंडी खुर्ची टाकून बाळगोंडा अण्णा पेपर वाचत असायचे, आणि डोक्यावरच्या फांदीला टांगलेला पिवळा बल्ब एकदम पेटायचा. लगेच अण्णा पेपर खुर्चीत टाकून उठायचे, धोतर झटकायचे आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचे, "आलो गं!"

स्वयंपाकघरातून बटण दाबलेलं असायचं ते आक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं. अण्णांचा उभा जन्म इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात गेला होता. मागांची दुरुस्ती बघणारे जॉबर होते ते, आणि त्या खडखडाटानं त्यांचे कान घेतले. नव्वदच्या दशकाच्या शेवटी रिटायर होऊन ते कोल्हापुरात आमच्या शेजारी राहायला आले. ऐकायला कमी येतं हे मात्र त्यांना कबूल नव्हतं. "कानाला कायबी झालेलं न्हाय, पावणं," ते मला सांगायचे. "लोकंच हळू बोलत्यात आजकाल." शेजारी राहून वर्षं झाली तरी मी त्यांच्या लेखी पावणाच होतो.

दिव्याची गरज पडली ती वेगळ्याच कारणानं. रिटायर झाल्यावर अण्णांनी स्वयंपाकघरात जॉबरकी सुरू केली. फोडणी अशी घालावी, डबे असे लावावेत, पोळपाटाचा एक पाय आखूड आहे. आक्कांनी थोडे दिवस सोसलं आणि मग एकदा लाटणं खाली ठेवून सांगितलं, "मागावर तुमी जॉबर व्हता. चुलीवर मी हाय. बोलावल्याबिगर हितं यायचं न्हाय." अण्णा मुकाट्यानं परड्यात गेले. आणि बोलावणं कळावं म्हणून त्यांनी झाडावर हा दिवा बसवला.

आता खरं सांगतो, मला त्या दिव्याचा भयंकर हेवा वाटायचा. आमच्या घरी मला हाक कशी मारली जायची? "अहोऽऽ, कान फुटले काय?" माझे कान ठणठणीत असताना! वर आमची मंगल कपडे वाळत घालता घालता मधल्या भिंतीवरून बोट दाखवायची. "बघा. नुसत्या दिव्यावर उठतात माणसं. तुम्हाला हलवायला भूकंप लागतो." एखाद्याला दिवा लावून जेवायला बोलावतात, आणि मी बँकेतला कारकून, मला ताट आपटल्याच्या आवाजावर जावं लागतं. अण्णांच्या आमटीचा वास भिंतीवरून यायचा तोसुद्धा मला मुद्दाम पाठवल्यासारखा वाटायचा.

त्या दिव्याची वायरिंगही अण्णांनी स्वतःच केलेली. त्याला करंट मिळायचा परड्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या बोर्डावरून. स्वयंपाकघरापासून झाडापर्यंत फक्त बटणाच्या दोन तारा, एका केबलमधून, मेंदीच्या कुंपणावरून आणलेल्या. बटण दाबलं की त्या दोन तारा एकमेकींना मिळणार आणि दिवा लागणार. ही रचना अण्णांनी गल्लीतल्या प्रत्येकाला उभं करून समजावली होती. दूधवाल्यालासुद्धा सोडला नव्हता.

तर एका सकाळी, पोह्यांत मीठ कमी पडलं असं अण्णा बोलले. आक्का काय बोलल्या ते माझ्यापर्यंत आलं नाही, पण अण्णा तणतणत परड्यात आले आणि कोयता घेऊन मेंदी छाटायला लागले. राग सगळा मेंदीवर निघाला. त्या नादात केबल तुटली. कोयत्याची मूठ लाकडी होती म्हणून माणूस वाचला. फ्यूज उडाला नाही, आवाज झाला नाही, त्यामुळं अण्णांना पत्ताच नाही. ते आपले छाटलेल्या मेंदीकडं समाधानानं बघत खुर्चीत बसले.

दुपार झाली. दिवा लागेना. अण्णा पेपर वाचून उलटा करून पुन्हा वाचत होते. मी सुट्टीवर होतो आणि भिंतीवरून अधूनमधून बघत होतो. एकदाचं यांचंही वाजलं म्हणून मला आतून बरं वाटत होतं. ऊन उतरलं तशी मात्र गंमत जायला लागली. अण्णा आणि आक्का जैन, दिवस मावळला की अन्नाला शिवायचे नाहीत, आणि अण्णा जेवल्याशिवाय आक्का घास घ्यायच्या नाहीत. आत आक्का बटण दाबत होत्या. बाहेर अण्णा दिव्याकडं बघत होते. ती म्हणत असणार, बोलावलं तरी येत नाही, एवढा राग? हे म्हणत असणार, जेवायलाही बोलवत नाही, एवढा राग? दहा पावलं चालून कुणी विचारलं नाही. सूर्य बुडाला आणि दोघंही उपाशी झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगलला कुंपणावर लोंबणारी केबल दिसली. ती भिंतीवरूनच ओरडली, "आक्का, वायर तुटलीया! दिवा लागलाच न्हाई काल!"

आक्का बाहेर आल्या. तुटलेल्या टोकाकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अण्णा आधी कोयत्यावर चिडले, मग मेंदीवर आणि शेवटी, "तार तुटली म्हणून माग बंद ठेवायचा असतोय व्हय?" म्हणत कामाला लागले.

मेन स्विच मी बंद केला, एवढंच काय ते माझं योगदान. वायरमनला बोलवू म्हटलं तर अण्णा खवळले. "आयुष्यभर तुटलेलीच जोडली की मी!" आणि त्यांनी तांब्याच्या तारांना मागावर सुताला मारतात तशी गाठ मारली. बोटं अशी फिरली की मला गाठ कळलीच नाही. वरून सुती धागा गुंडाळला, त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी. गाठ दिसायला फार देखणी झाली. दोन्ही तारांच्या गाठी शेजारी शेजारी, मध्ये बोटभरही अंतर नाही. सुताला ते चालतं. विजेला चालत नाही.

मग सुरू झाला तमाशा. दोन दिवसांत उन्हानं चिकटपट्टी सुटली, धागा सैल झाला, आणि वाऱ्याची झुळूक आली की गाठी एकमेकींना लागायच्या आणि दिवा आपोआप पेटायचा.

"आलो गं!" अण्णा आत. "बोलावलंस?"

"न्हाय की."

अण्णा परत. बूड टेकतात न टेकतात तोच पुन्हा दिवा. "आलो गं!" दिवसभर हेच. थोड्या दिवसांनी आक्कांनी "न्हाय की" म्हणणं सोडलं. आलाच आहात तर हे धरा, ते सोला, वरचा डबा काढून द्या. संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरातून हसण्याचे आवाज यायला लागले. मंगल म्हणाली, "किती बोलतात हो दोघं आता!" मी उठून त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

पावसाळा तोंडावर आला होता. ओल्या कुंपणावर तसला उघडा जोड म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून मी वायरमनला घेऊन आलो. हे मी फक्त सुरक्षिततेसाठी केलं, असं मी मंगलला सांगितलं आणि तुम्हालाही तेच सांगतो. अण्णा धुसफुसत बाजूला उभे राहिले. वायरमननं जुनी केबल पाहून कपाळावर हात मारला. जोडच नको म्हणाला. मेन बंद करून त्यानं पाइपातून नवी अखंड केबल टाकली आणि ती भिंतीवर उंच नेली. आक्कांनी बटण दाबलं, दिवा लागला. सोडलं, विझला. वारा सुटला, दिवा ढिम्म.

आठवडाभरानं, रविवारी सकाळी मी भिंतीशी दात घासत होतो. अण्णा खुर्ची झाडाकडं तोंड करून बसले होते. पेपर घडी घालून मांडीवर.

"पावणं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू वाटला, "त्या वायरमननं काय बरं केलं न्हाय."

"का अण्णा? नीट लागतोय की दिवा."

"लागतोय की. पन आता बोलावल्यावरच लागतोय."

मी घाईघाईनं चूळ भरली आणि घरात सटकलो.

त्याच दिवशी दुपारी झाडावर वारा होता. पानं हलत होती, बल्ब फांदीवर नुसता डुलत होता, विझलेला. मी टॉवेल वाळत घालत होतो. अण्णा बराच वेळ बल्बकडं बघत बसले. मग उठले. धोतर झटकलं. या खेपेला ओरडले नाहीत. मागच्या दारापर्यंत गेले आणि उंबऱ्याबाहेर थांबले.

"बोलावलंस?"

आक्का सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन बसल्या होत्या. त्यांनी आधी अण्णांच्या खांद्यावरून झाडाकडं बघितलं. विझलेला बल्ब त्यांना माझ्याइतकाच स्वच्छ दिसत होता.

"व्हय की," अण्णांना ओठ वाचता येतील अशा बेतानं त्या म्हणाल्या. "मगाचपासनं बोलावतीया." आणि सूप पुढं सरकवून त्यांनी बसायला जागा केली.

इतका हेवा मला उभ्या आयुष्यात कुणाचा वाटला नाही. टॉवेल तसाच दोरीवर टाकून मी घरात गेलो. मंगल पाठमोरी, भाकरी थापत होती. मी दारात उभा राहिलो.

"बोलावलंस?"

"न्हाई बा," ती मागं न बघता म्हणाली. "का?"