कागद बरोबर आहेत

घर विकत घेणे ही माणसाच्या आयुष्यातील अत्यंत गंभीर बाब असल्यामुळे ती त्याला समजणार नाही अशा भाषेत पार पाडण्याची चोख व्यवस्था करण्यात आलेली आहे.

मोटार चालवायला शिकवणाऱ्या बाईंना या व्यवस्थेची कल्पना नव्हती. त्या सासूबाईंबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहत. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि सासूबाईंच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. तेव्हापासून सासूबाई जग फक्त खिडकीतून पाहत आणि जगाबद्दलचं त्यांचं मत दिवसेंदिवस बिघडत चाललं होतं. म्हणून बाईंनी दुसऱ्या एका इमारतीत तळमजल्यावरचं घर पसंत केलं. आत शिरल्यावर उजव्या हाताला, दारावर एक नंबरची पाटी. विकणारे काका एकटेच, लेकीकडे राहायला निघालेले. समोर, डाव्या हाताला, दोन नंबरात कपडे शिवणाऱ्या काकू. बँकेने कर्जाला मान डोलावली आणि बाई वकीलसाहेबांकडे गेल्या.

वकीलसाहेब थोर मनाचे होते. ग्राहकाचा वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी नेहमीच्या प्रश्नांचं छापील पत्रकच तयार ठेवलं होतं. 'व्यवहाराला किती वेळ लागेल?' सर्वसाधारणपणे लागतो तेवढा. 'हे काम मी स्वतः करू शकतो का?' अवश्य. (निस्तरण्याचा दर वेगळा आहे.) 'वकील माझा की बँकेचा?' दोघांचाही, मतभेद झाल्यास बँकेचा. एका पाहणीनुसार (पाहणी वकीलसाहेबांनी स्वतः केली, खुर्चीतून न उठता) दहापैकी नऊ ग्राहक 'सही कुठे करू?' एवढंच विचारतात. दहावा पेन मागतो.

बाईंनी मात्र पत्रकात नसलेला प्रश्न विचारला. "साहेब, तुमच्यापैकी कोणी घर बघून येतं का?"

"घर?" वकीलसाहेब दचकले. "आम्ही कागद पाहतो, बाई. घर पाहिलं की मन कलुषित होतं."

बाईंना हे पटलं. न पटून काय करणार होत्या?

घर पाहण्याचं हलकं काम बँकेच्या मोजणीदाराकडे होतं. तो मंजूर नकाशा हातात धरून इमारतीत शिरला. नकाशात एक नंबरचं घर डावीकडे होतं, म्हणून तो डावीकडे वळला. (दारावरची पाटी वाचणं त्याच्या कामात बसत नव्हतं.) शिवणाऱ्या काकूंनी दार उघडलं. मोजणीदाराने त्यांचं स्वयंपाकघर मोजलं, मोरी मोजली आणि खिडकीपाशी शिलाई मशीन होतं तिथे टेप धरून आदराने विचारलं, "उजेड छान आहे हो. रिकामं कधी करताय?"

काकूंच्या हातात कात्री होती. मोजणीदार सुखरूप बाहेर पडला, ही बँकेच्या कार्यपद्धतीला मिळालेली पावतीच म्हणायची.

झालं होतं ते अगदी साधं होतं. नकाशा काढणाऱ्याने घरं रस्त्याकडून आत येताना डावीकडून मोजली होती आणि पाट्या ठोकणाऱ्याने आतून बाहेर जाताना. त्यामुळे काकांच्या खरेदीखतात होतं ते घर डावीकडचं, आणि काका राहत होते उजवीकडे. काकूंचं नेमकं उलटं. बावीस वर्षं दोघं एकमेकांच्या घरात गुण्यागोविंदाने नांदत होते आणि कोणाचंही काही अडलं नव्हतं. कायद्याला अशी परिस्थिती चिंताजनक वाटते.

वकीलसाहेबांनी तिघांना बोलावून घेतलं.

"घाबरू नका," ते म्हणाले. "कागद बरोबर आहेत. फक्त माणसं चुकीच्या ठिकाणी राहताहेत."

"म्हणजे मी इतकी वर्षं यांच्या भिंतींना रंग देत होतो?" काकांनी विचारलं.

"त्याबद्दल त्या आपले आभार मानू शकतात. बंधनकारक नाही."

"अहो, मग कागदावरचा नंबर बदला की!" काकू म्हणाल्या. "माझा धंदा त्या खिडकीवर आहे. समोरच्या घरात भरदुपारी दिवा लावावा लागतो."

कागद दुरुस्त करायला, वकीलसाहेबांनी समजावून सांगितलं, मूळ बिल्डरची संमती लागेल. बिल्डर वारला आहे. त्याच्या वारसांची संमती चालेल, पण वारस एकमेकांशी बोलत नाहीत. उलट माणसं दुरुस्त करायला चार हमाल आणि एक सकाळ पुरते.

"आहोत तसेच राहू या ना," बाई म्हणाल्या. "मी काकांचंच घर घेते. काकूंची हरकत नाही."

"माझीही नाही," वकीलसाहेब म्हणाले. "बँकेची आहे. आणि मी कोणाचा, ते पत्रकात छापलेलं आहे."

बाई घरी आल्या आणि सगळं सासूबाईंच्या कानावर घातलं.

"डावीकडच्या घराला पायऱ्या आहेत?" सासूबाईंनी विचारलं.

"नाहीत."

"उजेड आहे?"

"भरपूर. पण त्या काकूंचं काय?"

"त्यांचे गुडघे चांगले आहेत," सासूबाई म्हणाल्या आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागल्या.

बाईंना त्या रात्री वाईट वाटलं. सकाळी सही करतानाही वाटत होतं. वाईट वाटलं म्हणून सही अवैध ठरत नाही.

काका लेकीकडे गेले. काकूंचं सामान समोरच्या घरात निघालं. पडदे, कपाट, कापडाचे गठ्ठे, सगळं. शेवटी राहिलं मशीन. काकू त्यावर बसून कोणाच्या तरी झग्याची किनार शिवत होत्या. हमाल दाराशी ताटकळत उभे होते, पण काकूंना उठा म्हणायची कोणाची छाती होईना.

बाई पुढे झाल्या. "काकू, मशीन इथेच राहू द्या. रोज दिवसा येऊन बसत जा. मला काही अडचण नाही."

काकूंनी दाताने दोरा तोडला.

"नको गं बाई," त्या म्हणाल्या. "उद्या कोणीतरी तेही मोजायला येईल." आणि उठून त्यांनी मशीनची एक बाजू स्वतः उचलली.

आता सासूबाई त्या खिडकीत बसतात. रस्ता हाताच्या अंतरावर आल्यामुळे जगाबद्दलचं त्यांचं मत पुष्कळच सुधारलं आहे. समोरच्या घरात दुपारी दिवा जळतो आणि मशीनचा आवाज येत राहतो. बाई येता-जाता नमस्कार करतात. काकू सुईत दोरा ओवत असतात, त्यामुळे त्यांना वर पाहायला जमत नाही. व्यवहार पूर्णपणे निर्वेध झालेला आहे.

आपल्या बाबतीत असलं काही होणार नाही, अशी आपली खात्री असेल. ती योग्यच आहे. एका परक्या बाईच्या घराची ही हकीकत आपण पहिल्या ओळीपासून इथपर्यंत वाचलीत. मग स्वतःच्या घराचं खरेदीखत, ज्याच्या पानापानावर आपली सही आहे, ते तर आपण याहून लक्षपूर्वक वाचलं असणारच.